निमाचा बसायचा दगड

ॐ

"हा बोलतोय बघ," आप्पा म्हणाले.

आम्ही उतरलो होतो त्या डोमाच्या घरासमोर, दाराच्या डाव्या अंगाला, उन्हात एक लांबट दगड बसण्यासाठी मांडला होता. आप्पा त्यावर टेकले, पाठीवरची पिशवी उतरवली, पंच्यात गुंडाळलेली हातोडी काढली आणि दगडाच्या कडेला एकदाच, अगदी हलकी, लावली. पितळेच्या घंगाळाला वाटी लागावी तसा आवाज आला आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

"आप्पा, आत ठेवा ते," मी म्हणाले.

"काय करतायत काका?" आसावरीने विचारलं.

"काही नाही. सवय आहे."

"क्यूट आहेत तुझे बाबा," ती म्हणाली आणि फोटो काढला.

आम्ही चौघं होतो. मी, आप्पा, ऑफिसातली माझी मैत्रीण आसावरी आणि आमचा शेर्पा वाटाड्या पासांग. नामचे सोडून थामेच्या वाटेला लागलो होतो आणि दुपारी ताशिंग नावाच्या बारा घरांच्या गावात पोचलो होतो. खरं तर आप्पांच्या जागी आसावरीचा नवरा यायचा होता. त्याची रजा ऐनवेळी रद्द झाली, तेव्हा आसावरीच म्हणाली, काकांना घेऊन ये. मी तिला खूप कारणं सांगितली. वय त्रेसष्ट, थंडी, उंची. ती ऐकेना. आप्पांना फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, "तितं दगड कसला हाय?"

हातोडीवरून काठमांडूच्या विमानतळावर माझं त्यांच्याशी वाजलं होतं. लुक्लाचं विमान चिमुकलं, माणसासकट सामान तोलतात. आप्पांनी स्वेटर काढून ठेवला, हातोडी आणि दोन छिन्न्या ठेवल्या नाहीत.

"कशाला लागणारेत तुम्हाला त्या?"

"लागाया कशाला पायजे. रिकामा हात बरा वाटत न्हाई."

म

त्या अंगणातच, निळ्या ताडपत्रीच्या सावलीत, एक म्हातारा छिन्नी चालवत बसला होता. पासांग म्हणाला, हे लाक्पा बा. या खोऱ्यातले मणी दगड गेली चाळीस वर्षं हेच घडवतात.

वाटेत असे दगड आम्ही शेकड्यांनी पाहिले होते. सपाट शिळा, त्यावर सहा अक्षरं: ॐ म णि पद् मे हूँ. गावाच्या वेशीवर त्यांच्या लांबच लांब भिंती असतात. लाक्पा बांच्या पुढ्यातल्या दगडावर चार अक्षरं उठली होती, पाचवं चालू होतं.

दगड डोमाच्या नवऱ्यासाठी होता. निमा त्याचं नाव. डोमा त्या घरात वाटसरूंना उतरवून घ्यायची. चाळिशीची, गालांवर उन्हाचे लाल डाग असलेली बाई. तिने आमच्यापुढे चहा ठेवला आणि साध्या आवाजात सांगितलं, पासांगने ते हिंदीत केलं: परवा एकोणपन्नासावा दिवस. माणूस गेला की एकोणपन्नास दिवस त्याला वाट सापडत नाही, घराभोवतीच घुटमळतो. त्या दिवशी सकाळी ऊन भिंतीवर पडायच्या आत दगड भिंतीत बसला पाहिजे. मग तो जातो.

"आणि नाही बसला तर?" आसावरीने विचारलं.

पासांगने हे भाषांतर केलं नाही. तोच म्हणाला, "दीदी, लाक्पा बा का पत्थर कभी लेट नहीं हुआ।"

आप्पा लाक्पा बांच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि नुसतेच ऐकत बसले.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती मी तेव्हा कुणालाच सांगत नसे. आम्ही वडार. आप्पांनी बार्शीकडच्या खाणींत दगड फोडला, पाटे-वरवंटे घडवले. आई ते डोक्यावर घेऊन विकायची आणि गावोगाव हिंडून जुन्या पाट्यांना टाकी लावून द्यायची. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर काही वाटलं जात नाही. मग छिन्नीने त्याला बारीक बारीक टोचे मारून खरखरीत करायचं. सहा वर्षांची असल्यापासून मी आईबरोबर असायची. आईचा आवाज बसला की 'टाकी लावायची का टाकी' ही हाळी मी द्यायची.

आमच्या घडवलेल्या प्रत्येक पाट्याच्या पाठीवर दोन टिंबं असतात. एक आजोबांचं, एक आप्पांचं. आजोबा असताना एकच असायचं. मुलींना टिंब नसतं. मुलगी दुसऱ्या घरची.

आईने लग्नात मला पाटा दिला. तो पुण्यात माझ्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली होता, टिंबं खाली करून. आणि आसावरीला मी सांगितलं होतं की माझे वडील बांधकामात होते.

णि

दुपारी आम्ही गावाबाहेरची मणी भिंत बघायला गेलो. आसावरीला पलीकडून फोटो हवा होता, पासांगने तिला थांबवलं. भिंत नेहमी उजव्या हाताला ठेवून चालायचं.

"देवळाला फिरतो तसंच की," आप्पा म्हणाले आणि सगळ्यांच्या पुढे निघाले.

ते प्रत्येक दगडापाशी थांबत होते. त्यांना अक्षर येत नव्हतं. मराठीही वाचता येत नव्हतं, त्यामुळे इथली लिपी न येण्याचं त्यांना काही नवल नव्हतं. पण अर्ध्या भिंतीनंतर त्यांनी पासांगला गाठलं.

"ये फत्तर बनानेवाला डावा था क्या? डावखुरा? उलटा हात?"

पासांग बघतच राहिला. "लाक्पा बा के पिताजी। हाँ। आपको कैसे पता, अंकल?"

"घाव उल्ट्या अंगानं पडलाय ना सगळा."

पासांग खुशीत आला. आसावरी माझ्याकडे वळली. "काकांना बरंच कळतं गं यातलं."

"साइटवर असायचे ना," मी म्हणाले.

भिंत संपली तिथे आप्पांनी मला बाजूला घेतलं.

"रेणू, त्या म्हाताऱ्याचा दगड फुटणार."

"कशावरून?"

"आवाज ऐकलास न्हाई तू? आधीची अक्षरं खणखणीत. पाचव्याच्या वरल्या अंगाला छिन्नी गेली की बद्द येतंय. आत चीर हाय. तिरकी असंल. शेवटचं अक्षर मारताना जाणार तो."

"मग सांगा की त्यांना."

आप्पांनी अशी मान हलवली की जणू मी काहीतरी घाणेरडं बोलले होते. "दुसऱ्याचा हात लागलेल्या दगडाला आपण नाव ठेवत न्हाई. पाथरवटानं पाथरवटाला तसं बोलायचं नसतं. त्याचा हात थरथरंल. तू सांग. तू इंजिनेर हायस. तुझं ऐकतील. आजच सांग, म्हंजी दुसरा दगड घ्यायला उद्याचा अख्खा दिवस हाय."

मी हो म्हणाले.

पद्

माझं काम काय ते सांगते. जुने पूल, जुन्या इमारती यांच्या काँक्रीटला यंत्र लावायचं आणि आत कुठे भेग आहे ते कागदावर काढून द्यायचं. मी हे पगार घेऊन करते. चांगलं करते.

रात्रीचं जेवण त्यांच्याकडे अंधार पडता पडताच होतं. चुलीभोवती बाकांवर सगळे. डोमाने बटाटा किसून केलेली जाड धिरडी वाढली, वर लोणी आणि मिरचीचा ठेचा. लाक्पा बाही जेवायला तिथेच. पाचवं अक्षर पुरं झालं, ते म्हणाले. उद्या दुपारपर्यंत सहावं.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"पासांग," मी म्हणाले, "लाक्पा बा को बोलो..."

सगळे माझ्याकडे वळले. आसावरीही. मी पुढचं बोलणं मनात पूर्ण करून पाहिलं. दगडात भेग आहे. तुम्हाला कसं कळलं? यंत्र कुठाय? यंत्र नाही, वडिलांनी ऐकलं. वडिलांना कसं ऐकू येतं? आणि मग ते वाक्य, जे मी सोळा वर्षं शिक्षणात आणि त्यानंतर नोकरीत एकदाही म्हटलं नव्हतं.

"...पिताजी कह रहे हैं, बहुत सुंदर काम है।"

पासांगने सांगितलं. लाक्पा बांनी हसून आप्पांना हात जोडले. आप्पांनीही जोडले. मग ते धिरड्याचा तुकडा ठेच्याला लावून शांतपणे खाऊ लागले. ते काही बोलले नाहीत, म्हणून मला वाटलं त्यांना कळलं नसेल.

मे

सकाळी आसावरी, पासांग आणि मी वरच्या गोंप्यात, म्हणजे बौद्ध मठात, गेलो. आप्पा आले नाहीत. म्हणाले, पाय दुखतायत. आदल्या दिवशी ते आम्हा सगळ्यांच्या पुढे होते.

गोंपा छोटा होता, एका कड्याला पाठ लावून बसलेला. आत लोण्याच्या दिव्यांचा वास. लामा गुबगुबीत, मिश्कील. त्यांनी आसावरीला प्रार्थनाचक्र फिरवायला लावलं आणि ती उलटं फिरवू लागली तेव्हा म्हणाले, "मॅडम पुण्य रिटर्न कर रही हैं।" आसावरी खूप हसली. उद्याची तयारी म्हणून ते पोथ्या बांधत होते. बावन्न घरांतून माणसं येणार होती, दोन दिवसांची वाट चालून काही. निमा डोंगरावर लोकांची ओझी वाहायचा आणि परत येताना प्रत्येकाच्या दारात बसून यायचा, असं लामांनी सांगितलं.

मी बाहेर अंगणात आले. खाली ताशिंगची छपरं दिसत होती, डोमाच्या निळ्या ताडपत्रीचं ठिगळ दिसत होतं. वारा पडला होता. आणि खालून छिन्नीचा आवाज येत होता, स्वच्छ, जवळ असल्यासारखा.

टक. टक. टक.

बद्द.

मी यंत्राशिवाय काही ऐकलं नव्हतं कितीक वर्षांत. पण तो आवाज मला कळला. आईने कळायला लावला होता. 'हा पाटा घेऊ नका ताई, हा आतनं मेलाय,' असं आई गिऱ्हाईकाला सांगायची, विक्री गेली तरी.

मी कुणाला न सांगता उतरायला लागले. मग पळायला लागले. त्या उंचीवर पळता येत नाही.

हूँ

अंगणात आले तेव्हा लाक्पा बा शेवटच्या अक्षराच्या वरच्या टिंबावर होते. डोमा किटली घेऊन उभी. आप्पा समोर, दाराजवळच्या त्या लांबट दगडावर, हात मांड्यांखाली दाबून. मला श्वास पुरत नव्हता. मी हात वर केला आणि म्हणाले, "बा, रुकिए, इस पत्थर में अं

ॐ

दोन तुकडे. एकावर साडेचार अक्षरं, दुसऱ्यावर दीड.

लाक्पा बांनी छिन्नी खाली ठेवली. त्यांनी दोन्ही तुकडे जवळ ओढून एकमेकांना लावून पाहिले, जसं आपण फुटलेली बशी लावून बघतो. डोमाने किटली चुलीवर परत ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

मी आप्पांपाशी गेले.

"मी त्यांना सांगितलंच नव्हतं, आप्पा."

"ठाव हाय."

"कसं?"

"हिंदी मला येती की गं. त्या पासांगसंगं आठ दिस कशात बोलतोय मी?"

म

मागून पासांग आणि आसावरी धापा टाकत आले. लाक्पा बा पासांगला काहीतरी सांगत होते. नवा दगड शोधायला एक दिवस, घडवायला तीन. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, ते म्हणाले. डोमा खाली बघत होती.

तेव्हा मी बोलले. पासांगला म्हणाले, हे शब्दाला शब्द सांग, एकही मऊ करू नकोस. आणि हिंदीत सांगितलं. पण आधी मराठीत, आसावरीकडे बघून.

"माझे वडील पाथरवट आहेत. आम्ही वडार. माझी आई दारोदार पाट्यांना टाकी लावत फिरायची, तिच्याबरोबर मीही फिरले. दगडात चीर आहे हे आप्पांनी काल ऐकलं होतं. त्यांनी मला सांगायला सांगितलं. मला लाज वाटली म्हणून मी बोलले नाही. हा दगड माझ्यामुळे फुटला."

पासांगने सगळं सांगितलं. बराच वेळ लागला.

"आमच्याकडे यायच्या एक बाई," आसावरी हळू म्हणाली. "पाट्यावर मासा काढून द्यायच्या."

"आई फूल काढायची."

"मग त्या दुसऱ्या."

"हं."

तिने माझ्या पिशवीवरचं बर्फ झटकलं. बर्फ नव्हतं तिथे.

लाक्पा बा उठून आप्पांसमोर आले. त्यांनी आप्पांचा उजवा हात उलटा करून पाहिला, तळवा, बोटांची मुळं, अंगठ्याची गाठ. मग स्वतःचा तळवा शेजारी धरला. दोघं हसले. भाषांतराची वाट कुणी पाहिली नाही.

डोमा मला म्हणाली, "पत्थर तुमसे नहीं टूटा। तुम तो दौड़के आई।" हे ती स्वतः हिंदीत म्हणाली. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. पण ती म्हणाली.

णि

"सांज हुईपत्तुर किती तास?" आप्पांनी विचारलं.

"सात," पासांग म्हणाला.

"तिघं हावं. ह्यो, मी, ही."

मी मागे बघितलं. ही म्हणजे मीच होते.

नदीवर जाऊन दगड आणायला वेळ नव्हता. आप्पांनी अंगणातला, गोठ्यातला, कुंपणातला एकेक सपाट दगड ठोकून पाहिला. सात ठोकले. सातवेळा मान हलवली. मग ते जिथून उठले होते तिथेच परत आले, निमाच्या बसायच्या दगडापाशी. त्यांनी हातोडी लावली. तो लांबणारा आवाज आला.

"ह्यो बोलतोय. पण मागायचा कसा?"

पासांगने मागितला. डोमाने दगडाकडे बघितलं. रोज चार वाजता निमा चहा घेऊन तिथे बसायचा, ती म्हणाली, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून थांबवायचा. तिने मान हलवली, हो म्हणून. पण लाक्पा बाच अडले. ज्यावर लोक बसले त्यावर मंत्र कसा? एक जण वर गोंप्यात पळाला. लामा स्वतःच उतरून आले, पोथीची दोरी हातात तशीच. त्यांनी दगडाभोवती फेरी मारली, दगड उजव्या हाताला ठेवून.

"ह्यावर निमा बसला. खालच्या बाजूवर कोण बसलं?"

"कोणी नाही."

"मग उलटा करा. बसलेली बाजू भिंतीकडे."

पद्

काम असं वाटून घेतलं. लाक्पा बांनी कोळशाने सहा अक्षरं आखली आणि कडा उभ्या करायला घेतल्या. आप्पा त्यांच्यामागून अक्षराबाहेरचा दगड मोठ्या छिन्नीने उतरवत गेले. ही अक्षरं कोरत नाहीत, उठवतात. अक्षर तसंच ठेवायचं, भोवतीचा दगड खाली घ्यायचा. मग ती खाली गेलेली जमीन बारीक टोचे मारून एकसारखी करायची. ते माझं काम.

"मला येणार नाही आता, आप्पा. तीस वर्षं झाली."

"पाट्याला टाकी लावतीयास असं समज."

मी छिन्नी धरली. पहिले पाच-सहा टोचे लाजिरवाणे पडले. मग हाताला आठवलं. अंगठा आपोआप खाली सरकला, छिन्नी तिरकी झाली, हातोडी पडून स्वतःच उचलली जाऊ लागली. तीनदा भराभर, एकदा थांबून. हा आईचा ठेका होता. मला तो माझ्यात असल्याचं माहीत नव्हतं.

लाक्पा बांनी आप्पांना थांबवलं. पासांग म्हणाला, "बा बोल रहे हैं, हर चोट के साथ मंत्र बोलना पड़ता है। नहीं तो पत्थर बहरा रहता है।"

"मी तर जल्मभर दगडाला शिव्या दिल्या," आप्पा म्हणाले.

पासांगने हेही भाषांतर केलं. लाक्पा बा इतके हसले की त्यांना छिन्नी बाजूला ठेवावी लागली. मग आप्पांनी घसा खाकरून सुरू केलं, बार्शीच्या चालीत, प्रत्येक घावाला एक अक्षर. थोड्या वेळाने मीही.

मे

गावातली माणसं येऊन कुंपणावर बसली. लामा गेले नाहीत. आसावरीने चहा करायचं काम डोमाकडून काढून घेतलं आणि दगडाचा चुरा चहात उडू नये म्हणून स्वतःची शाल धरून उभी राहिली. तिने त्या दिवशी एकही फोटो काढला नाही.

तीन वाजता लाक्पा बांनी माझ्या टोचलेल्या जागेवर अंगठा फिरवला. पाचव्या अक्षराच्या वरच्या बाजूला, जिथे जुना दगड फुटला होता. त्यांनी तो दोनदा फिरवला आणि पासांगला काही सांगितलं.

"पूछ रहे हैं, ये किसने सिखाया?"

"माझ्या आईने," मी म्हणाले. "तिचं नाव भीमाबाई यल्लप्पा अलकुंटे."

लाक्पा बांनी ते नाव म्हणून पाहिलं. भी-मा-बाई. मंत्रातल्यासारखं, सावकाश.

आप्पा मान खाली घालून छिन्नी चालवत होते. त्यांनी वर बघितलं नाही, पण त्यांचा ठेका एक घाव चुकला.

ऊन डोंगराआड जाता जाता शेवटच्या अक्षरावरचं टिंब उठलं. लाक्पा बांनी दगड ओल्या फडक्याने पुसला आणि मागे सरले. कुंपणावरच्या माणसांनी टोप्या काढल्या.

हूँ

सकाळी दगड भिंतीकडे न्यायच्या आधी आप्पांनी लाक्पा बांना बाजूला नेलं. पासांग मध्ये. मी पाहत होते.

आप्पा विचारत होते की पाठीवर खूण केली तर चालेल का. लाक्पा बा नाही म्हणाले. मणी दगडावर घडवणाऱ्याचं नाव राहत नाही. चाळीस वर्षांत त्यांनी कुठल्याच दगडावर घातलं नव्हतं, त्यांच्या बापानेही नाही.

"नाव न्हाई," आप्पा म्हणाले. "नाव मला लिव्हायलाच येत न्हाई. टिंब."

लाक्पा बांनी विचार केला. भिंतीला टेकणारी बाजू, जिच्यावर निमा बसायचा, ती कुणाला दिसणार नव्हती. त्यांनी मान डोलावली.

चौघांनी दगड उभा धरला. पाठ वापराने गुळगुळीत झालेली, मधोमध किंचित खोलगट. आप्पा खाली वाकले. खालच्या कोपऱ्यात एक टिंब मारलं, आजोबांचं. त्याच्या शेजारी दुसरं. मग ते सरळ झाले आणि हातोडी-छिन्नी माझ्यापुढे धरली.

मी घेतली नाही. "आप्पा, आपल्यात मुलींना..."

"म्हाईत हाय आपल्यात काय ते. मीच सांगितलंय तुला. ऊन येतंय बघ भिंतीवर."

वरच्या कड्याची कडा सोन्यासारखी होऊ लागली होती. वाटेवर माणसं दुतर्फा उभी होती, डोमा सर्वांत पुढे. आसावरी माझ्यासाठी दगडाचा कोपरा धरून खाली बसली होती.

त्याला आता चौदा वर्षं झाली. आप्पा गेले, लाक्पा बाही गेले. कुंडी मी कधीच उचलली, पाटा आता आमच्या दिवाणखान्यात उभा आहे, टिंबं समोर करून. त्यावर दोनच आहेत. तिसरं आहे ते ताशिंगच्या भिंतीत, निमाच्या दगडाच्या मागे, आणि ते कुणालाही दिसत नाही. लोक भिंत उजव्या हाताला ठेवून त्याच्यावरून रोज जातात.

मी गुडघ्यावर बसले, छिन्नी टेकवली आणि एकच घाव घातला.

आप्पांनी दगडाला कान लावला. आवाज पुरता विरेपर्यंत ते तसेच राहिले.

"बोलतोय," म्हणाले.